डावीकडून आवाज कमी येतो

आमच्या ऑफिसात बायका पाच होत्या, पण नुसतं बाई म्हटलं की त्या एकट्याच. बाकीच्या चौघींना ताई, मॅडम, अगं, असं काहीतरी चालायचं. मी त्या चौघींपैकी एक.

ऑफिसचं काम सांगायला सोपं आहे. लोक आमच्याकडे रेकॉर्डिंग पाठवतात आणि आम्ही ते ऐकून, टाइप करून कागदावर उतरवून देतो. कंपन्यांच्या आतल्या चौकशा, सोसायट्यांच्या सभा, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट. पाण्याची टाकी कुठल्या रंगाने रंगवावी यावर तीन तास दहा मिनिटं चाललेली एक सभा आली होती, तीही उतरवून दिली. बाई ऐकून टाइप करायच्या आणि मी पुन्हा ऐकून तपासायचे. मी आले तेव्हा त्यांना तिथे चौदा वर्षं झाली होती. मी सांगतेय त्या वर्षी सव्वीस.

बाईंचा एक नियम होता. ऐकू आलं नाही तर कंसात 'ऐकू आले नाही' असं लिहायचं, अंदाज करायचा नाही. आणि एक सवय होती, इतक्या वर्षांत अंगात मुरलेली. बोलतानाही त्या विरामचिन्हं बोलायच्या. सगळीकडे नाही, महत्त्वाच्या ठिकाणी. सुट्टी मागायला आलेल्या एका मुलीला त्या म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी नाही, पूर्णविराम." त्यांच्या तोंडावर कुणी हसत नसे. आपण काही विनोद करतोय असं त्यांनाही वाटत नसे.

पूर्वी आम्हाला प्लायवूडच्या छोट्या केबिनी होत्या. बाईंच्या केबिनमध्ये टेबल, खुर्ची, उजव्या हाताला इंटरकॉम आणि एकाच कानावर बसणारा जुना हेडसेट. इंटरकॉमसाठी उजवा कान मोकळा ठेवायचा म्हणून तो हेडसेट डाव्या कानावर. दार लावलं की काम सुरू. मग आमच्या साहेबांनी कुठल्याशा शिबिरात दोन दिवस घालवले आणि परत आल्यावर सगळ्या केबिनी काढून टाकल्या. भिंती पडल्या की माणसं जवळ येतात, असं त्यांना तिथे कळलं होतं. माणसं खरंच जवळ आली. साहेबांचा दुसरा धंदा पाण्याच्या फिल्टरचा. त्याची विक्रीची चार माणसं खालच्या मजल्यावरून उचलून आमच्याच हॉलमध्ये बसवली. दिवसभर त्यांचे फोन चालायचे. त्यातल्या एकाला आम्ही टार्गेट म्हणायचो, कारण त्याच्या दर तिसऱ्या वाक्यात ते असायचं. त्याची खुर्ची बाईंच्या खुर्चीपासून चार फुटांवर.

तीन आठवड्यांनी माझ्यासमोर एका ग्रंथालयाच्या चौकशीची पानं आली. ग्रंथपालांचा जबाब होता. मी पेन्सिल घेऊन वाचत होते. "त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती, परंतु सर, दोन फिल्टर घेतले तर तिसऱ्यावर सूट देतो."

मी ते पान बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे मी टाइप केलंय?"

"हो."

"सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं." त्यांनी टार्गेटकडे पाहिलं. तो फोनवर कुणाला तरी गाळाविषयी सांगत होता. बाई पान घेऊन सरळ साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "एक तर ह्याला उठवा, नाहीतर मला बरा हेडफोन द्या."

साहेबांना टार्गेट हवा होता. ते म्हणाले, "तुम्हीच निवडा, ऑफिसतर्फे घेऊ."

बाईंनी ते काम अंगावर घेतलं म्हणजे अगदी घेतलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर हेडफोनकडून काय हवं ते लिहून काढलं. चष्म्याची काडी कानात रुतता कामा नये. सहा तास घातला तरी कान उकडता कामा नये. 'बारा' आणि 'भारा' यांत फरक कळला पाहिजे. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर येता कामा नये. चार्जिंग संपलं म्हणून काम थांबणार नाही, तेव्हा वायर हवी. शेवटी लिहिलं होतं, 'दिसायला कसाही चालेल.'

दुकानात त्या मला बरोबर घेऊन गेल्या. दुकान अरुंद होतं, भिंतीवर खुंट्यांना शंभरेक हेडफोन लटकलेले. दुकानदार पन्नाशीचा, शांत, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली. मोजपट्टी कशाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने पहिला जोड बाईंच्या डोक्यावर ठेवला आणि गाणं लावलं.

"गाणं नको," बाई म्हणाल्या. "गाणं कशावरही बरं वाटतं. हे लावा." त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

त्यात एका गोदामाच्या चौकीदाराचा जबाब होता. गोदामातून छत्तीस पंखे नाहीसे झाले होते आणि चौकीदाराला पुढचे दात नव्हते. आमच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्याइतकं अवघड कुणी नव्हतं. दुकानदाराने एकदा स्वतः ऐकून पाहिलं. दोन मिनिटांनी हेडफोन काढून तो म्हणाला, "ताई, हा माणूस खोटं बोलतोय."

"ते आपलं काम नाही," बाई म्हणाल्या. "तो काय बोलतोय एवढंच."

त्या दिवशी जो घेतला तो बाहेरचा आवाज मारणारा होता. बटण दाबलं की हॉल गायब. बाईंना ते फार आवडलं, अर्धा दिवस. दुपारी साहेब त्यांच्या मागे उभे राहून साडेचार मिनिटं बोलत होते. मी घड्याळात पाहिलं म्हणून सांगते. आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे बाई मोठ्याने बोलायला लागल्या. मला हळूच सांगायला गेल्या की साहेबांचा शर्ट पोटावर ताणला जातोय, ते सगळ्या हॉलने ऐकलं. साहेबांनीही. शिवाय बाई म्हणाल्या, "ह्याचा डावीकडून आवाज कमी येतो." तेव्हा तो परत.

दुसरा फार हलका होता. त्याच्या वाट्यांना बाहेरून जाळी होती, हवा खेळायची, कान उकडत नव्हते. आवाज इतका मोकळा की चौकीदार समोर बसून बोलतोय असं वाटतं, असं बाई म्हणाल्या. तो समोर बसूनच बोलत होता, कारण जाळीतून सगळं बाहेर येत होतं. तिसऱ्या दिवशी टार्गेट फोन ठेवून बाईंकडे वळला.

"बाई, त्या पंख्यांचं पुढे काय झालं? काल तो म्हणत होता की मागच्या दाराला कुलूपच नव्हतं."

बाईंनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि डब्यात घातला. चौकशीची रेकॉर्डिंग गुप्त असतात. पंख्यांचं पुढे काय झालं ते मीही सांगणार नाही. त्या डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत मात्र दोन कारणं होती. एक, आवाज बाहेर जातो. दोन, डावीकडून कमी येतो.

तिसरा घरी नेऊन एकच संध्याकाळ वापरला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल. हाही तसलाच. हा माणूस आपल्याला खराब माल देतोय."

दुकानात त्यांनी हेच दुकानदाराला सांगितलं. आवाज न चढवता. त्याने डबा उघडला, हेडफोन स्वतः घातला, चौकीदाराला थोडं ऐकलं. एव्हाना चौकीदार त्याच्याही ओळखीचा झाला होता. मग त्याने हेडफोन बाईंना दिला.

"ताई, आता उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर."

बाईंनी घातला.

"कुठून कमी येतोय?"

बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. "डावीकडूनच," त्या म्हणाल्या.

"पुन्हा एकदा फिरवून बघा."

त्यांनी फिरवला. परत फिरवला. असं चार वेळा केलं. शेवटी हेडफोन काऊंटरवर ठेवला आणि वायर सरळ करत बसल्या, ती सरळच होती.

दुकानदाराने डबा बंद केला. खाली वाकून एका खणातून कार्ड शोधून काढलं. "मागच्या गल्लीत बसतात ह्या. माझ्या वडिलांना तिथेच नेलं होतं. हा जोड मी परत घेतो, त्याची काळजी करू नका." मग म्हणाला, "माल खराब नव्हता, ताई."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी तसं म्हणायला नको होतं."

कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, बाईंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी मळ आहे का ते पाहिलं. मळ नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या. मग त्यांना फोम लावलेल्या एका लहानशा खोलीत बसवलं, डोक्यावर तपासणीचा हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. उजव्या कानाला बाईंचा अंगठा सारखा हलत होता. डाव्याला मधेमधे बराच वेळ तो नुसता बटणावर ठेवलेला होता आणि बाई डोळे मिटून बसल्या होत्या. अंदाजाने एकदाही दाबलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हा हेडफोन कुठल्या कंपनीचा? फार आरामशीर आहे."

डॉक्टरांनी आलेख दाखवला. उजव्या कानाची रेघ वयाच्या मानाने बरी होती. डाव्याची सुरुवात ठीक, पुढे पायऱ्या उतरल्यासारखी खाली.

"तुम्ही काम काय करता?"

बाईंनी सांगितलं. हेडसेटचंही सांगितलं. डावा कान, रोज सहा तास. फोन उजव्याला.

"आवाज किती ठेवायचात?"

"पूर्वी निम्म्यावर. अलीकडे पूर्ण."

"अलीकडे म्हणजे?"

बाईंनी विचार केला. "सात-आठ वर्षं."

डॉक्टर म्हणाल्या, त्यानेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, पण त्याचा हातभार असू शकतो. हळूहळू झालं म्हणून कळलं नाही. फोन तुम्ही उजव्या कानाला लावता, मग कळणार कुठून.

"हे परत येणार नाही, प्रश्नचिन्ह," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "पण आहे ते सांभाळता येईल. डाव्या कानाला मशीन बसवून घ्या. फरक पडेल."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांनी कुठलंच चिन्ह घातलं नाही.

घरी काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. बाई कुणाचंही बोलणं सांगतात ते शब्दाला शब्द, मधल्या खोकल्यासकट, त्यामुळे मी तिथे होते असंच समजा.

त्यांचे मिस्टर सरकारी खात्यात नकाशे काढायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. घरी दोघंच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. जेवताना मिस्टर नेहमी बाईंच्या डाव्या हाताला बसत, कारण तिथून खिडकी दिसते. बाईंनी जेवण वाढलं, आलेख टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मिस्टरांनी आलेख नकाशासारखा दोन्ही हातांनी धरून पाहिला. मग उठले, खुर्ची उचलली आणि बाईंच्या उजव्या बाजूला आणून ठेवली. ताट आणलं. पाण्याचा तांब्या आणला. बसले.

"मला वाटायचं, तू ऐकून सोडून देतेस," ते म्हणाले.

"काय सोडून देते?"

"मी बोललेलं."

"तुम्ही कुठे बोलता?" बाई म्हणाल्या. "गेली कित्येक वर्षं तुम्ही काही बोलतच नाही."

"आधी बोलायचो. उत्तर येईना, म्हणून कमी केलं."

दोघंही थोडं जेवले. मग बाईंनी विचारलं, काय काय बोललात ते सांगा. मिस्टर म्हणाले, आता काय आठवणार, रोजचंच काहीतरी. समोरच्या इमारतीला नवीन रंग देतायत. नळाचा वायसर बदललाय. बाई म्हणाल्या, महत्त्वाचं काय असेल ते सांगा. मिस्टर खोकले. आणि म्हणाले, "मोठ्या ऑफिसात वरची जागा आली होती मला. सहा वर्षं झाली. बदली घ्यावी लागली असती. मी नको म्हणून कळवलं. तुझं काम इथे आहे, तुला एकटीला ठेवून मला जायचं नव्हतं. हे मी तुला इथेच बसून सांगितलं होतं."

"मला?"

"तू पेपर वाचत होतीस. मान वर केली नाहीस. मला वाटलं, तुला पटलेलं नाही, 'आपण गेलो असतो तर बरं' असं मनात म्हणत असशील. मग मी तो विषय परत काढला नाही."

"आणि मला वाटत होतं," बाई म्हणाल्या, "की तुम्हाला बढती मिळालीच नाही, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विषय काढत नव्हते."

एवढं सांगून बाईंनी कप बाजूला सरकवला. मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. पुन्हा सांगायला लावलं सगळं. पहिल्यापासून. बदलीचा कागद कुठल्या तारखेला आला, त्यांचे साहेब काय म्हणाले, हे काय म्हणाले. एक शब्द सुटू दिला नाही." त्यांनी कप पुन्हा जवळ ओढला. "जेवण गार झालं."

ऑफिसातही सांगणं भाग होतं. बाई आलेख घेऊन साहेबांकडे गेल्या, मला साक्षीदार म्हणून नेलं. साहेबांनी सगळं ऐकलं, वाईट वाटलं म्हणाले, आणि मग म्हणाले, "तुम्ही आता टायपिंग सोडा. तपासणीकडे या. त्रास कमी."

तपासणीची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसत होते. हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं.

"तपासणीला काय कमी ऐकावं लागतं?" त्या म्हणाल्या. "उलट जास्त. मला तिथे टाकायच्या आधी मला ऐकू येतं का ते बघा. कुठलंही रेकॉर्डिंग घ्या. मी टाइप करते, नवीन मुलगीही करू दे. तपासायला ही आहे."

नवीन मुलगी म्हणजे बावीस वर्षांची, दोन्ही कान धडधाकट, बोटं भराभर चालणारी. साहेबांनी एका कारखान्यातली चाळीस मिनिटांची सभा निवडली. मागे मशीन चालू, एका वेळी तिघं बोलतायत. बाईंनी एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात कानामागे मशीन बसवून घेतलं आणि ते घालून पुन्हा हेडफोनच्या दुकानात गेल्या.

आता कागदावर एक ओळ वाढली होती. वाटी अशी खोल हवी की चष्मा आणि मशीन दोन्ही तिच्यात मावलं पाहिजे. दुकानदाराने आलेख मागून घेतला आणि डॉक्टरसारखा उजेडाकडे धरून पाहिला. पहिला जोड चढवताच मशीन शिट्टी वाजवायला लागलं. दुसऱ्याने बारीक शिट्टी. तिसऱ्याला शिट्टी नव्हती, पण चष्मा तिरका व्हायचा. दुकानदार स्टूल घेऊन सगळ्यात वरच्या खुंटीपर्यंत चढला आणि एक करडा, मोठ्या वाट्यांचा जोड काढून आणला. त्यावर धूळ होती. मऊ कापडाच्या गाद्या, लांब वायर, बटण एकही नाही. "हा रेडिओवाले घेऊन जायचे," तो म्हणाला. "आता कुणी विचारत नाही. दिसायला बरा नाही ना."

बाईंनी तो घातला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. वाकून पर्स उचलून पाहिली. मग चौकीदार ऐकला, आवाज निम्म्यापेक्षा खाली ठेवून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. अकरा मिनिटं काहीच बदल झाला नाही. मग त्या म्हणाल्या, "तो 'भारा' म्हणत नाहीये. 'बारा' म्हणतोय. बारा वाजता."

दुकानदार म्हणाला, "मी तुम्हाला आधीच म्हणालो होतो, तो खोटं बोलतोय."

तो जोड घेतला.

कारखान्याची सभा मी तपासली. आधी नवीन मुलीची. तिने एकही जागा रिकामी सोडली नव्हती, सगळं भरलेलं, आणि एकोणीस ठिकाणी चुकीचं. एका ठिकाणी 'बॉयलर फुटेल' होतं, तिने 'बोलणं मिटेल' केलं होतं. बाईंच्या पानांत तीन जागी 'ऐकू आले नाही' होतं. मी त्या तीन जागा वीसेक वेळा ऐकल्या. मलाही आलं नाही. बाकी चूक नव्हती. मी दोन्ही गठ्ठे साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी बॉयलरचं पान वाचलं आणि तपासणीचा विषय परत काढला नाही. नवीन मुलीला त्यांनी बाईंच्या शेजारी बसवलं. बाईंनी तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. दर तासाला कान मोकळे करायचे, आणि आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही. "का," असं त्या मुलीने विचारलं, तेव्हा बाईंनी केस बाजूला करून कानामागचं मशीन दाखवलं.

टार्गेटचे फोन अजून चालू असतात. बाईंना ते आता पुसटसे, दुसऱ्या घरात कुणी बोलत असावं तसे येतात. परवा चहाला मी त्यांना विचारलं, घरी कसं काय चाललंय.

"बोलतात," त्या म्हणाल्या. "खूप बोलतात. मला माहीतच नव्हतं, हे इतकं बोलतात. काल चष्म्याच्या दुकानात रांग कशी लावतात यावर पाऊण तास बोलले."

"मग तुम्ही?"

"ऐकलं." बाईंनी बिस्कीट बुडवलं. "कंटाळवाणं होतं गं. पण प्रत्येक शब्द कळत होता."

चहा संपला. त्यांनी बोटं रुमालाला पुसली, चष्मा सारखा केला, दोन्ही हातांनी हेडफोन चढवला आणि एका दवाखान्याचा रिपोर्ट लावला.